तंबोऱ्याने निवडलेले स्पीकर

चांगला स्पीकर ओळखायचा असेल तर गवयाचा आवाज बाजूला ठेवून मागचा तंबोरा ऐकावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. माणसाचा आवाज कानाला इतका ओळखीचा असतो की तो मोबाइलवर ऐकला तरी उरलेलं आपण मनाने भरून काढतो आणि दाद देऊन मोकळे होतो. तंबोऱ्याच्या बाबतीत ही सोय नाही. त्याला शब्द नाहीत, लय नाही, चार तारांचा एकच नाद चालू राहतो. स्पीकरने त्यातलं काही गाळलं किंवा पदरचं काही घातलं, तर ते थोड्याच वेळात कानाला टोचायला लागतं.

मी शाळेत संगीत शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं की घरात गाणं ऐकण्याची व्यवस्था आता नीट करायची. जुन्या स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची, फोमची कड कुजून भुसा व्हायला लागली होती. हा फोम वयाने असाच झडतो. ॲम्प्लिफायर मात्र उत्तम होता, नॅडचा सी ३२६बीईई, चॅनेलमागे ५० वॅट. तो ठेवायचा, आणि स्पीकर, स्टँड, वायर सगळं धरून दोन लाखांच्या आत बसवायचं, असं मी आणि ह्यांनी मिळून ठरवलं. दोन लाख ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. म्हणूनच कुणीतरी सांगितलं आणि उचलून आणलं, असं करायचं नव्हतं.

आमचा फ्लॅट नाशिकच्या गंगापूर रोडला, जुन्या इमारतीत. हॉल १४ फूट लांब, ११ फूट रुंद. खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंनी पक्क्या भिंती. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली की भिंतींमधून टणटण असा झिणझिण्या आणणारा आवाज परत यायचा. अशा खोलीत कुठलाही स्पीकर आणा, त्याच्या आवाजात निम्मा वाटा खोलीचाच असणार. त्यामुळे दुकानं पालथी घालण्याआधी मी टेप घेऊन हॉल मोजला.

ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वरही फुगतात. आमच्या हॉलच्या ११ फुटांत पहिला फुगवटा येतो ५१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५१ कंपनांना, आणि दुसरा १०२ च्या आसपास. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी थांबलेच. माझा तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला असतो. मधल्या दोन सारख्या तारांचा, म्हणजे जोडीचा, षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, आणि शेवटच्या जाड तारेचा खर्ज त्याच्या निम्मा, १०४. म्हणजे या हॉलमध्ये माझा खर्ज आपोआप फुगणार होता. भिंतीला टेकून रियाजाला बसलं की खर्जाची तार जरा जास्तच घुमते, हा कित्येक वर्षांचा अनुभव होता. त्याचं कारण त्या दिवशी हाती लागलं.

पण तंबोऱ्याचा जीव मूळ स्वरात नसतो, जवारीत असतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत-सुटत राहते, आणि तारेखाली सरकवलेला दोरा ती कुठे टेकणार हे ठरवतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तर नाद मिटतो. जागेवर आला की उघडतो, आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या स्वरांची रांगच्या रांग बाहेर पडते. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार म्हणजे त्या रांगेतला पाचपट कंपनांचा स्वर. ही रांग काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. आणि बहुतेक लहान स्पीकरमध्ये वूफर आपलं काम ट्वीटरच्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याच्या, हाती देतो ते साधारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे जवारी बरोबर त्या सांध्यावर उभी असते. सांधा कच्चा असेल तर खालचा नाद एकीकडून आणि वरची झळाळी दुसरीकडून आल्यासारखी वाटते. गाण्यात हे पटकन लक्षात येत नाही, तंबोऱ्यात लपत नाही.

म्हणून मी माझाच तंबोरा ध्वनिमुद्रित केला. मुलाकडे हातात धरायचा चांगला रेकॉर्डर आहे. हॉलमध्ये केलं असतं तर हॉलचा घुमारा मुद्रणात आला असता आणि वाजवताना पुन्हा तोच हॉल त्यात मिसळला असता. म्हणून गाद्या आणि कपड्यांची कपाटं असलेल्या आतल्या खोलीत बसलो, दार-खिडक्या लावून, रेकॉर्डर दोन फुटांवर ठेवून. सूर बारीक जुळवण्यासाठी तारांत ओवलेले मणी सरकवून जोडी जुळवली, जवारी मनासारखी उघडली, मग निवांत छेडत राहिले. ती फाइल जशीच्या तशी, एमपी३ न करता, पेनड्राइव्हवर घेतली.

सोबत दुसरी फाइल घेतली ती दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या ख्यालाची. ते नाशिकचेच, जन्म १९२१ चा, आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. घराघरात स्टिरिओ तबकड्या आल्या त्या १९५७-५८ नंतर, त्यामुळे त्यांचं सगळं गाणं मोनोमध्ये आहे. स्पीकरची जोडी तपासायला मोनोसारखं दुसरं साधन नाही. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येत असतो, तेव्हा गायक बरोबर मधोमध, एका जागी बसलेला दिसला पाहिजे. तो पसरला, किंवा तान वर गेल्यावर डावीकडे सरकला, तर दोन स्पीकर एकमेकांशी जुळलेले नाहीत किंवा मांडणी चुकली आहे.

नाशिकमध्ये कॉलेज रोडला, कॅनडा कॉर्नरला दुकानं भरपूर आहेत, पण तिथे भर आहे तो साउंडबार आणि होम थिएटरवर. एका दुकानदारांनी मनापासून सांगितलं, ‘मॅडम, तुम्हाला जे हवंय ते मी मागवून देईन, पण ऐकवू शकणार नाही.’ त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. न ऐकता घ्यायचं नव्हतं, म्हणून आम्ही सकाळच्या पंचवटीने मुंबई गाठली.

मुंबईतल्या एका मोठ्या दुकानाची ऐकण्याची खोली फार देखणी होती. जाड गालिचा, भिंतींवर कापडी पॅनेल, मऊ खुर्च्या. तिथला विक्रेता प्रत्येक गोष्ट ह्यांना समजावून सांगत होता. हे दोनदा म्हणाले, ‘ऐकायचंय त्यांना, त्यांना विचारा.’ तरी त्याची मान ह्यांच्याकडेच वळायची. मला त्याचा राग आला आणि अजूनही आहे. गाण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला वॅट आणि ओहम कळत नाहीत, हे कुणी ठरवलं? शेवटी मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं, आता हे लावा.

तिथे एक गोष्ट लक्षात आली, ती नवीन घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. त्याने दोन जोड्या लागोपाठ ऐकवल्या, आवाजाची कळ तशीच ठेवून. पहिल्या जोडीची संवेदनक्षमता ८८ डेसिबल, दुसरीची ८३.५. म्हणजे एवढीच वीज घेऊन पहिली साडेचार डेसिबल मोठी वाजते. आणि कानाला मोठं ते चांगलं वाटतं, त्याला इलाज नाही. मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं, खुर्चीत कानाच्या उंचीला धरलं आणि दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणून पुन्हा लावायला सांगितल्या. मघाशी भारावून टाकणारी पहिली जोडी आता नुसती वरच्या पट्टीत चकचकीत वाटायला लागली. तंबोऱ्यात ती चकाकी सुटी पडून वर तरंगत होती, खालच्या नादाशी तिचं काही नातंच नव्हतं.

त्यानंतरही फिरलो, मुंबईत आणि पुण्यातही. व्हार्फडेलचे लिंटन मला मनापासून आवडले. तीन ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज काढणारे पडदे तीन, आणि भरदार. पण तो डबा एवढा मोठा आहे की आमच्या हॉलमध्ये स्पीकर राहिले असते आणि आम्ही बाहेर. काही जोड्यांचं नाव घेण्याइतकंही काही लक्षात राहिलं नाही. शेवटी दोन नावं उरली, आणि दोघांचं मूळ एकाच ठिकाणी निघालं.

सत्तरच्या दशकात बीबीसीने स्वतःच्या कामासाठी एक छोटा स्पीकर आखला, एलएस३/५ए. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, दाटीवाटीत बसून आवाज बरोबर जातोय की नाही हे ऐकायला. त्यातला वूफर आणि ट्वीटर दोन्ही केईएफ या ब्रिटिश कंपनीचे. पुढे २०१२ मध्ये केईएफने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने त्याच छोट्या मॉनिटरची आठवण ठेवून एलएस५० काढला आणि २०२० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, एलएस५० मेटा. दुसरं नाव हार्बेथ पी३ईएसआर. हार्बेथ ही कंपनी सुरू केली ती बीबीसीच्या संशोधन विभागातून निवृत्त झालेल्या डडली हारवुड यांनी, १९७७ मध्ये. बीबीसीतले हे लोक खोलीत माणूस बोलायला बसवत आणि त्याचाच आवाज स्पीकरमधून ऐकून दोन्ही ताडून बघत. मी तंबोरा घेऊन जे करत होते ते फार वेगळं नव्हतं, हे वाचून मला धीर आला.

एलएस५० मेटामध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो. त्यामुळे सांधा २१०० हर्ट्झला असूनही आवाज एकाच बिंदूतून येतो. मुलाच्या मित्राकडे इंदिरानगरला ही जोडी आहे. तो भला मुलगा, स्वतः गाडीत घालून घेऊन आला आणि एक संध्याकाळ आमच्याकडे ठेवून गेला. पलुस्कर इतके नेमके मधोमध बसले की बोटाने दाखवावेत. तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगळी मोजता येत होती. असा स्वच्छ आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. अडचण आली ती भिंतीची. या स्पीकरला पाठीमागे पोर्ट आहे, म्हणजे खालच्या स्वरांना जोर देणारं उघडं भोक, आणि आमच्या हॉलमध्ये स्पीकर भिंतीपासून फार पुढे आणता येत नाही, जाण्यायेण्याची वाट अडते. खर्ज फुगला. सोबत मिळणारे फोमचे बूच पोर्टमध्ये बसवले तेव्हा बराच आवरला. पण तेव्हाही जवारीचे कण मला जरा सुटे-सुटे वाटत राहिले. जणू तंबोऱ्यात कान घालून ऐकतेय. मला तो चार हात दूर बसून कुणीतरी छेडत असावा तसा हवा होता. ही आवड झाली, दोष नव्हे. ज्यांना वाद्यवृंदातला प्रत्येक वादक वेगळा ओळखायचा आहे, त्यांनी डोळे मिटून ती जोडी घ्यावी.

पी३ईएसआर बंद डब्याचा आहे, पोर्टच नाही. उंची फूटभर. एका दुकानदारांनी डेमोची जोडी अनामत रक्कम घेऊन आठवड्याच्या शेवटी घरी न्यायला दिली. असं कुणी देत असेल तर संकोच न करता मागून घ्यावं. दुकानातली खोली आपल्या घरी येत नाही.

त्या रविवारी माझी एक विद्यार्थिनी आली होती. तिला तंबोरा घेऊन दोन स्पीकरच्या मधोमध बसवलं. स्पीकरवर माझं मुद्रण, समोर खुर्चीत हे. ॲपवर दोन्हींची पातळी सारखी केली. ‘अहो, डोळे मिटा, आणि कुठला खरा ते सांगा.’ ती थांबली की मी फाइल सुरू करायची, मी थांबवली की तिने छेडायचं. खरा तंबोरा ओळखू येतोच. बोट तारेवरून निसटतानाचा जो बारीक ठसका असतो तो कुठल्याच स्पीकरमधून पुरता आला नाही. प्रश्न असतो तो किती वेळाने ओळखू येतो, एवढाच. इतर स्पीकरवर पहिल्याच तारेला ‘हा स्पीकर’ म्हणणारे हे, इथे मात्र जोडी वाजून खर्ज येईपर्यंत गप्प बसायचे. एकदा तर म्हणाले, ‘अगं, दोरा सरकलाय का बघ,’ आणि तेव्हा वाजत होती फाइल. स्वयंभू गंधार स्पष्ट होता, आणि तो खर्जातूनच उगवत होता, वेगळा चिकटवलेला वाटत नव्हता.

या स्पीकरबद्दल सगळे एकच भीती घालतात, की तो कमी संवेदनक्षम आहे, त्याला मोठा ॲम्प्लिफायर लागेल. हिशोब करून बघितला. १ वॅटला १ मीटरवर ८३.५ डेसिबल. ५० वॅट म्हणजे त्यात १७ ची भर, १००.५. आमची खुर्ची आठ फुटांवर, तिथपर्यंत साधारण पावणेआठ डेसिबल घटतात. स्पीकर दोन, म्हणून तीन परत मिळतात. म्हणजे कमाल ९५ च्या आसपास. आम्ही ऐकतो ते ख्याल, नाट्यपद, थोडं वाद्यसंगीत, आणि तेही रात्री, गंगापूर रोडची वर्दळ कमी झाल्यावर, शेजाऱ्यांचा विचार करून. त्याला हे भरपूर झालं. दिवाळीला सगळा हॉल नाचवायचा असेल तर हा स्पीकर घेऊ नये, हेही तितकंच खरं.

दुकानदारांनी तीच डेमोची जोडी काही सूट देऊन दिली, कंपनीच्या भारतातल्या अधिकृत वितरकाच्या वॉरंटीसकट. वॉरंटीचा कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त मिळतो, पण ट्वीटर गेला तर दाद कुणाकडे मागणार?

स्टँड मात्र मी नाशिकमध्येच करून घेतले, सातपूरच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडून. सोफ्यावर बसल्यावर माझे कान जमिनीपासून ३६ इंचांवर येतात. ट्वीटर डब्याच्या तळापासून नऊ-साडेनऊ इंचांवर. म्हणून स्टँड २६ इंचांचे. फॅब्रिकेशनवाल्यांनी आधी विचारलं, ‘ताई, कुंड्या ठेवायच्या का?’ कशासाठी ते सांगितल्यावर त्यांना भलताच उत्साह आला. जाड स्क्वेअर पाइप, खाली-वर प्लेट, टॅपिंग करून चार टोकदार बोल्ट, काळं पावडर कोटिंग. पाइपमध्ये चाळून उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू भरली. रिकाम्या पाइपवर टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा, वाळू भरल्यावर नुसता ठक्क आवाज. तयार आयात केलेल्या स्टँडच्या किमतीचा हा लहानसा हिस्सा. वायर घेतली ती मेन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची. चार मीटर लांबीला तिचा जाऊन-येऊन रोध ०.०६ ओहमच्या घरात, आणि स्पीकर ६ ओहमचा. वायरीवर हजारो रुपये घालवायला मला कुणी पटवू शकलेलं नाही.

मांडणीत मोजमाप कामी आलं. ११ फुटांच्या भिंतीत १०२ हर्ट्झचा फुगवटा दोन्ही कडांना आणि मधोमध असतो, पाव आणि पाऊण अंतरावर तो जवळजवळ शून्य असतो. स्पीकर नेमके तिथे ठेवले तर तो स्वर खोली चेतवतच नाही. म्हणून दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून पावणेतीन फुटांवर आले, एकमेकांत साडेपाच फूट. मागच्या भिंतीपासून दोन फूट. तेवढी वाट सगळ्यांनी मान्य केली. खर्ज पहिल्या दिवसापासून जागेवर बसला.

उरली ती टणटण. मी खुर्चीत बसले आणि मुलाने आरसा बाजूच्या भिंतीला लावून हळूहळू सरकवला. आरशात जिथे मला स्पीकरचा ट्वीटर दिसला, तिथून त्याचा आवाज परावर्तित होऊन माझ्याकडे येणार. त्या जागी दोन्हीकडे सासूबाईंनी शिवलेल्या जाड गोधड्या टांगल्या, भिंतीपासून चार बोटं पुढे. खाली सतरंजी, मागे दिवाळी अंकांनी खचाखच भरलेलं पुस्तकांचं कपाट. अंक लहान-मोठे, पुढे-मागे सरकलेले, त्यामुळे आवाज छान विखुरतो. मी आता ते कुणाला नीट लावू देत नाही. टाळीला आता हॉल उत्तर देत नाही.

मुलाचा सबवूफरचा, म्हणजे अगदी खालच्या स्वरांसाठीच्या वेगळ्या स्पीकरचा, हट्ट बरेच दिवस चालू होता. त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पी३ईएसआर ७५ हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो, आणि काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ वर असतो. धाकटे दीर गातात, त्यांचा तंबोरा काळी एकचाच. तो आणवला, आतल्या खोलीत मुद्रित केला आणि हॉलमध्ये लावला. बंद डब्याचा स्पीकर खाली एकदम तुटत नाही, हळूहळू उतरतो, आणि एवढ्याशा हॉलच्या भिंती त्याला खालून थोडा हात देतात. शिवाय खर्जाची वरची सगळी रांग शाबूत असेल तर कान मूळ स्वर धरतोच. दिरांनी पूर्ण ऐकलं, तंबोरा मांडीवर घेऊन स्वतः छेडून बघितला, परत ऐकलं आणि म्हणाले, ‘वहिनी, खर्ज आहे.’ सबवूफर घ्यायचा नाही, हे त्या संध्याकाळी ठरलं. त्यातून वाचलेले पैसे तंबोऱ्याची जवारी मिरजेहून नीट काढून आणायला ठेवले आहेत.